शेड बदलली तरी आयपी तोच: स्थानिक मोबिलिटीसाठी रूटिंग प्रोटोकॉल निवडताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एखादा मध्यम कारखाना घ्या. वार्पिंग एका शेडमध्ये, लूम दुसऱ्या शेडमध्ये, डाईंग मागच्या अंगाला, शिलाई आणि पॅकिंग रस्त्यापलीकडच्या गोदामात. प्रत्येक गठ्ठ्यावर बारकोड, आणि तो वाचणारा स्कॅनर हातात घेऊन माणसं दिवसभर इकडून तिकडे. स्कॅनरमधलं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं असतं. सकाळी सर्व्हरशी टीसीपी कनेक्शन जोडलं की संध्याकाळपर्यंत ते टिकणार, असं ते धरूनच चालतं. शेड बदलताना आयपी पत्ता बदलला की कनेक्शन तुटतं, स्कॅनर पुन्हा लॉगिन मागतो, आणि पॅकिंगच्या मावशी आयटीवाल्या पोराला हाका मारायला लागतात.

हा लेख त्या पोरासाठी आहे. पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग करून नुकतंच नेटवर्कच्या कामाला लागलेलं कुणीही चालेल. सबनेट, गेटवे, रूटिंग टेबल एवढं माहीत असलं की पुरे.

प्रश्न असा: एका मर्यादित परिसरात उपकरण जागा बदलतं, पण त्याचा आयपी पत्ता बदलता कामा नये, आणि उपकरणात कुठलंही खास सॉफ्टवेअर टाकायचं नाही. जे करायचं ते नेटवर्कनेच. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २००७ साली आरएफसी ४८३० मध्ये (आरएफसी म्हणजे त्यांचे क्रमांकित दस्तऐवज) नेमकी हीच अडचण मांडली आणि तिला 'स्थानिक मोबिलिटी व्यवस्थापन' म्हटलं. उपकरण पुण्याला गेलं तरी पत्ता टिकवायचा, ही वेगळी गोष्ट. ती जागतिक मोबिलिटी, तिच्यासाठी मोबाइल आयपी आहे, आणि तिच्यात आपण शिरणार नाही.

पायरी पहिली: रूटिंगची गरज आहे का, ते आधी ठरवा

बहुतेक ठिकाणी गरज नसते. सगळ्या शेडमध्ये फायबर गेलेली असेल, स्विच बरे असतील आणि उपकरणं काही शेकड्यांत असतील, तर सगळे ॲक्सेस पॉइंट एकाच व्हीलॅनमध्ये ठेवा आणि विषय संपवा. स्कॅनर नव्या ॲक्सेस पॉइंटला जोडला की तिथून निघालेली पहिलीच फ्रेम स्विचच्या मॅक टेबलमध्ये नवी जागा लिहून टाकते. एवढं जलद आणि एवढं फुकट दुसरं काही नाही. कंट्रोलर विकत घेतला असेल, तर तोही प्रत्येक ॲक्सेस पॉइंटपासून स्वतःपर्यंत टनेल काढून हेच करतो. त्यासाठीचा कॅपवॅप प्रोटोकॉल २००९ पासून आरएफसी ५४१५ म्हणून प्रमाणित आहे.

मग रूटिंगकडे कधी वळायचं? दोन इमारतींमध्ये फायबर नाही, वायरलेस लिंक आहे आणि तिच्यावर सगळ्या शेडचा ब्रॉडकास्ट ओतणं परवडत नाही, तेव्हा. लिंक एकापेक्षा जास्त आहेत आणि लूप टाळायला स्पॅनिंग ट्रीने त्यातल्या निम्म्या बंद ठेवलेल्या आवडत नाहीत, तेव्हा. कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खुपसली आणि डाईंगपासून ऑफिसपर्यंत सगळंच आडवं झालं, असा अनुभव गाठीशी असेल, तेव्हाही. अशा ठिकाणी प्रत्येक शेडच्या दाराशी राउटर बसतो, आणि पुढचं सगळं लागू होतं.

पायरी दुसरी: हलणं म्हणजे नेमकं काय, ते तुकड्यांत बघा

स्कॅनर लूम शेडमधून गोदामात गेला. रेडिओने जुना ॲक्सेस पॉइंट सोडून नवा धरला. मग गोदामाच्या राउटरला कळलं की हा पत्ता आता माझ्याकडे आहे. मग त्याने ते बाकीच्या राउटरांना सांगितलं. आणि लूम शेडच्या राउटरने आपला जुना दावा मागे घेतला. या चार गोष्टींपैकी रूटिंग प्रोटोकॉल फक्त तिसरी करतो, आणि चौथीत मदत करतो.

नवखी माणसं इथेच चुकतात. ओएसपीएफ या रूटिंग प्रोटोकॉलचा हॅलो, म्हणजे शेजारच्या राउटरला 'मी जिवंत आहे' हा निरोप, दर १० सेकंदांनी जातो आणि ४० सेकंद शेजारी गप्प राहिला की तो मेला असं धरतात, हे वाचलं की पहिला विचार येतो: ४० सेकंद म्हणजे फारच झाले, हॅलो एक सेकंदावर आणू. आणा खुशाल, पण स्कॅनरला त्याचा काडीचा उपयोग नाही. हॅलो हा राउटर-राउटरमधला संवाद आहे. स्कॅनर हॅलो पाठवत नाही, आणि तो हलला म्हणून कुठल्याही दोन राउटरांचं नातं तुटत नाही. बीएफडी लावूनही तेच. ही साधनं लिंक तुटल्याचं ओळखतात, माणूस दुसऱ्या शेडमध्ये गेल्याचं नाही. प्रोटोकॉलांची तुलना हॅलोच्या आकड्यांवर करणारा तक्ता कुठे दिसला, तर या कामापुरता तो बाजूला ठेवा.

खरे प्रश्न तीन. एका पत्त्याची बातमी किती लवकर सुटते? ती पसरताना सगळ्या राउटरांना किती काम पडतं? आणि जुना व नवा असे दोन राउटर एकाच वेळी 'हा माझ्याकडे आहे' म्हणत असतील, तर बाकीचे कुणाचं ऐकतात?

पायरी तिसरी: होस्ट रूटची मांडणी

युक्ती साधी आहे. सगळ्या शेडना मिळून एकच सबनेट द्या, समजा १०.२०.०.०/२२. प्रत्येक राउटर आपल्याकडे असलेल्या प्रत्येक उपकरणासाठी /३२ चा स्वतंत्र मार्ग जाहीर करतो. स्कॅनर १०.२०.१.४५ गोदामात असेल, तर १०.२०.१.४५/३२ हा मार्ग गोदामाचा राउटर सांगतो. रूटिंगमध्ये सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स जिंकतो, त्यामुळे बाकी काहीही असो, पॅकेट गोदामातच जाणार.

यासाठी आधी काही गोष्टी जुळवाव्या लागतात, आणि प्रोटोकॉलपेक्षा वेळ खरा तर इथेच जातो.

सगळ्या राउटरांवर गेटवेचा आयपी एकच ठेवा आणि मॅक पत्ताही एकच. स्कॅनरच्या एआरपी कॅशमध्ये जुन्या शेडच्या गेटवेचा मॅक बसलेला असतो. नव्या शेडमध्ये तोच मॅक नसेल, तर कॅश शिळी होईपर्यंत पॅकेट हवेत विरतात, आणि तुम्ही विनाकारण ओएसपीएफला दोष देत बसता.

स्कॅनरला वाटतं की /२२ मधली सगळी उपकरणं आपल्याच लिंकवर आहेत, म्हणून तो त्यांच्यासाठी थेट एआरपी विचारतो. ती उपकरणं खरं तर दुसऱ्या शेडमध्ये, राउटरच्या पलीकडे आहेत. राउटरवर प्रॉक्सी एआरपी लावा, म्हणजे त्यांच्या वतीने राउटर उत्तर देईल.

डीएचसीपी सर्व्हर मध्यवर्ती हवा. काही उपकरणं रोमिंगनंतर जुन्याच पत्त्याची खात्री करून घेतात. तेव्हा सर्व्हरने 'हो, तोच' म्हटलं पाहिजे. रिले कुठल्याही शेडचा असो, सर्व्हरने एकाच पूलमधून द्यावं अशी बांधणी करा.

उपकरण आलं हे ओळखायचं कसं? लिनक्सवर चालणारा ॲक्सेस पॉइंट असेल, तर होस्टएपीडीकडून, म्हणजे वाय-फाय जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडून, जोडणीची घटना मिळते. ती आली की छोटी स्क्रिप्ट कर्नलमध्ये /३२ टाकते आणि रूटिंग डेमन, म्हणजे मागे चालू राहणारा रूटिंगचा प्रोग्राम, तो मार्ग पुढे सांगतो. फक्त एआरपी टेबलवर विसंबलात, तर उपकरण पहिलं पॅकेट पाठवेपर्यंत काहीच कळत नाही. गप्प ऐकत बसणारी उपकरणं, उदाहरणार्थ पॅकिंगमध्ये इकडेतिकडे फिरवला जाणारा लेबल प्रिंटर, मग हरवल्यासारखी वाटतात.

आयपीव्ही६ असेल तर एक पोटविषय. तिथे एकेका फोनला दोन-तीन पत्ते असतात, तात्पुरते पत्ते बदलतही राहतात, आणि प्रत्येकासाठी /१२८ सांगत बसलात तर टेबल फुगतं. त्यापेक्षा प्रत्येक उपकरणाला स्वतःचा /६४ द्या. आरएफसी ८२७३ मध्ये २०१७ पासून ही पद्धत लिहिलेली आहे. उपकरणाने आत कितीही पत्ते बनवले तरी तुमच्याकडे मार्ग एकच.

पायरी चौथी: कागद-पेन्सिल घ्या

उपकरणं किती आणि ती किती वेळा हलतात, हे मांडल्याशिवाय प्रोटोकॉल निवडू नका. समजा ४०० स्कॅनर आणि टॅबलेट आहेत, आणि प्रत्येक सरासरी पाच मिनिटांनी शेड बदलतो. म्हणजे मिनिटाला ८० हालचाली, सेकंदाला एकाहून थोडी जास्त. प्रत्येक हालचालीमागे दोन बातम्या: नव्याची घोषणा, जुन्याची माघार. सेकंदाला तीनपेक्षा कमीच. ओएसपीएफची एक्सटर्नल, म्हणजे बाहेरून आलेल्या मार्गाची, घोषणा ३६ बाइटची असते, म्हणजे बँडविड्थ सेकंदाला शंभर बाइटच्या आसपास. अगदीच किरकोळ.

आता जानेवारीतली गड्ड्याची यात्रा घ्या. होम मैदानावर तात्पुरतं वाय-फाय लावलं, ५००० फोन जोडले गेले, आणि गर्दी सरकते आहे म्हणून प्रत्येक फोन मिनिटाला एकदा ॲक्सेस पॉइंट बदलतो असं धरा. सेकंदाला ८३ हालचाली, १६६ बातम्या, आणि त्या प्रत्येक राउटरपर्यंत, खांबावर टांगलेल्या सर्वांत स्वस्त राउटरपर्यंतसुद्धा. बाइट अजूनही फार नाहीत. पण प्रत्येक बातमीची पोच, डेटाबेसमधली नोंद आणि फॉरवर्डिंग टेबलमधला बदल मिळून तो छोटा प्रोसेसर दमतो. इथे होस्ट रूटची पद्धतच चुकीची ठरते, प्रोटोकॉल कुठलाही असो.

या दोन टोकांच्या मध्ये तुमची जागा कुठे आहे, ते आधी लिहून काढा. सोलापुरातले बहुतेक कारखाने, कॉलेजं आणि रुग्णालयं पहिल्या टोकाजवळ बसतात असं माझं मत आहे.

पायरी पाचवी: आता प्रोटोकॉल

रिप एका परिच्छेदात संपवतो. दर ३० सेकंदांनी पूर्ण टेबल, १८० सेकंदांनी मार्ग रद्द, आणि बदल झाल्यावर लगेच सुटणारं अपडेटही मानकाप्रमाणे एक ते पाच सेकंद थांबत थांबत प्रत्येक टप्पा ओलांडणार. तीन राउटर ओलांडायचे असले तर चहा पिऊन या. शिकायला उत्तम, या कामाला नको.

ईआयजीआरपी २०१६ मध्ये आरएफसी ७८६८ म्हणून खुला झाला, पण व्यवहारात तो सिस्कोच्याच घरात नांदतो. घरात सगळं सिस्को असेल तरी एक खोच आहे: मार्ग गेला आणि पर्याय हाताशी नसला की राउटर शेजाऱ्यांना विचारतो, शेजारी त्यांच्या शेजाऱ्यांना. होस्ट रूटच्या दुनियेत मार्ग जाणं ही दर सेकंदाची घटना असते. प्रत्येक स्कॅनरमागे साऱ्या परिसरात चौकशी फिरवणं मला पटत नाही.

ओएसपीएफवर थांबायला हवं, कारण नव्वद टक्के वेळा तुमच्या हातातल्या उपकरणात तोच असतो. मायक्रोटिक असो, लिनक्सवरचं एफआरआर किंवा बर्ड हे रूटिंग सॉफ्टवेअर असो, लेअर-३ स्विच असो.

पहिला निर्णय: /३२ कुठल्या रूपात सांगायचा? राउटरचा स्वतःचा एलएसए (आपल्या लिंकांची बाकीच्यांना पाठवलेली घोषणा) असतो, त्यात स्टब लिंक म्हणून तो घालता येतो. घालू नका. मूळ मानकात, १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये, एकच एलएसए पुन्हा काढण्यात किमान ५ सेकंदांचं अंतर बंधनकारक आहे. राउटरच्या एलएसएमध्ये सगळे स्कॅनर एकत्र कोंबले, तर एक मावशी गोदामात शिरली की एलएसए निघतो, आणि दोन सेकंदांनी शिरलेल्या दुसरीला आणखी तीन सेकंद ताटकळावं लागतं. शिवाय राउटरचा एलएसए बदलला की नियमाप्रमाणे पूर्ण एसपीएफ, म्हणजे सगळ्या वाटांचा हिशेब, पुन्हा चालवावा लागतो. त्याऐवजी /३२ बाहेरून आलेला मार्ग म्हणून, म्हणजे टाइप-५ एक्सटर्नल म्हणून, रीडिस्ट्रिब्यूट करा (ओएसपीएफमध्ये आणून पुढे सांगा). मग प्रत्येक स्कॅनरचा स्वतंत्र एलएसए होतो, कुणी कुणाला अडवत नाही, आणि बदलल्यावर फक्त तेवढ्याच प्रीफिक्सचा हिशेब करावा लागतो. आयपीव्ही६ च्या ओएसपीएफव्ही३ मध्येही हाच मार्ग धरा. तिथे एरियातले प्रीफिक्स वेगळ्या एलएसएमध्ये असतात खरे, पण ते पुन्हा एकत्र बांधलेलेच.

टाइप-५ वापरल्यावरही एक कोपरा उरतो. लूम शेड आणि गोदामाच्या मधल्या दारात उभा राहिलेला माणूस. स्कॅनर इकडून तिकडे, तिकडून इकडे उड्या मारतो. गोदामाने काढलेला त्याचा एलएसए मागे घेतला, आणि तीन सेकंदांत पुन्हा काढायचा आला तर तेच ५ सेकंदांचं बंधन आडवं येतं. घेणाऱ्या बाजूलाही नियम आहे: त्याच एलएसएची पुढची आवृत्ती एका सेकंदाच्या आत आली तर ती टाकून द्यायची. टाकलेल्याची पोच जात नाही, आणि पुन्हा पाठवण्याची वेळ साधारण ५ सेकंदांनी येते. एफआरआर आणि मोठ्या कंपन्यांचे राउटर ही वेळापत्रकं मिलिसेकंदांवर आणू देतात. आणायची तर सगळ्या राउटरांवर एकसारखी आणा, नाहीतर एक पाठवतो आणि दुसरा फेकतो असं चालू राहतं. पण त्याहून चांगला उपाय रेडिओच्या बाजूला आहे: ॲक्सेस पॉइंटची पॉवर कमी करा, दोन शेडच्या सिग्नलची सरमिसळ मर्यादित ठेवा, म्हणजे उड्याच कमी होतील. पत्र्याच्या शेडमध्ये भिंती सिग्नल बऱ्यापैकी अडवतात. त्याचा इथे फायदाच होतो.

दुसरा निर्णय: दोन दावेदार. नव्या राउटरने /३२ सांगितला, जुन्याला अजून स्कॅनर गेल्याचं कळलेलंच नाही, कारण स्कॅनर निरोप न घेता गेला. एक्सटर्नल टाइप-२ मध्ये दोन्हींचं मेट्रिक सारखं असेल, तर प्रत्येक राउटर स्वतःला जवळचा दावेदार निवडतो. म्हणजे ऑफिसमधून येणारी पॅकेट गोदामात पोचतात आणि डाईंगमधून येणारी लूम शेडमध्ये जाऊन मरतात. गंमत अशी की जुना राउटर बंद पडला असता तर त्रास झाला नसता. त्याचा एलएसए तासभर डेटाबेसमध्ये राहिला असता, पण त्याच्यापर्यंत वाट नाही म्हणून कुणी वापरला नसता. त्रास होतो तो जिवंत पण बेखबर राउटरचा.

यावर दोन उपाय आहेत, दोन्हींना थोडी स्क्रिप्ट लागते. एक: प्रत्येक राउटर आपल्या डेटाबेसवर नजर ठेवतो, आणि आपल्याकडच्या /३२ साठी दुसऱ्याची ताजी घोषणा दिसली की आपली मागे घेतो. दोन: नवा राउटर डेटाबेसमधलं सध्याचं मेट्रिक बघतो आणि स्वतः त्याहून एक कमी सांगतो. टाइप-२ मध्ये आधी मेट्रिकची तुलना होते, अंतराची नंतर, त्यामुळे जुना कितीही जवळ असला तरी नवा जिंकतो. मेट्रिकची २४ बिटं आहेत, वरून सुरुवात केली तर उतरायला जागा भरपूर. मला दुसरा जास्त आवडतो, कारण त्यात जुन्या राउटरच्या शहाणपणावर काही अवलंबून राहत नाही.

आणि एरिया, म्हणजे ओएसपीएफमध्ये नेटवर्कचे पाडलेले भाग, एकच ठेवा. अनेक एरिया करून सीमेवर सारांश काढण्याची सवय चांगली असली तरी सारांशाने /३२ ची माहितीच गिळली जाते, आणि स्टब एरियात टाइप-५ शिरतच नाही. काही डझन राउटरांना एक एरिया सहज पुरतो.

ओएसपीएफ कुठे कमी पडतो? राउटरांमधल्या लिंक वायरलेस असतील तिथे. त्याचे हॅलो आणि घोषणा मल्टिकास्टने जातात. वाय-फायवर मल्टिकास्ट सर्वांत हळू वेगाने जातो आणि हवेत हरवला तर रेडिओ तो आपणहून परत पाठवत नाही. ओएसपीएफ पोच न मिळाल्यावर पुन्हा पाठवतो, पण पुन्हा तेच ५ सेकंद. शिवाय तो लिंकला आहे किंवा नाही एवढंच ओळखतो. तीस टक्के पॅकेट गळणारी लिंक त्याला ठणठणीत वाटते.

तिथे बाबेल घ्या. युलियुश क्रोबोचेक यांनी रचलेला हा प्रोटोकॉल २०२१ पासून आरएफसी ८९६६ म्हणून प्रमाणित आहे. वायरलेस लिंकवर किती हॅलो पोचले यावरून तो लिंकची किंमत ठरवतो, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही एकाच संभाषणात नेतो, आणि ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्सवर पॅकेज म्हणून मिळतो, म्हणजे स्वस्त राउटरवरही चालतो. मोबिलिटीच्या दृष्टीने त्याचा एक गुण फार कामाचा आहे. लूप टाळण्यासाठी तो प्रत्येक मार्ग स्वीकारण्याआधी अट तपासतो, पण ती अट प्रीफिक्स आणि मूळ राउटर या जोडीवर असते. स्कॅनर नव्या राउटरकडे गेला की ती जोडीच नवी, जुन्या नोंदी आड येत नाहीत, मार्ग लगेच स्वीकारता येतो. दोन दावेदारांचा प्रश्न मात्र बाबेलही आपणहून सोडवत नाही. जर्मनीतल्या फ्रायफुंक या सामुदायिक जाळ्यांमध्ये बाबेलच्या जोडीला एल३रोमडी नावाचा डेमन वापरला गेला तो यासाठीच: उपकरण आलं की नवा नोड बाकीच्यांना कळवतो आणि जुना आपला मार्ग सोडतो. त्याचा कोड वाचण्यासारखा आहे, मोठाही नाही.

बाबेल मोठ्या कंपन्यांच्या स्विचमध्ये सहसा मिळत नाही. म्हणून फायबरच्या भागात ओएसपीएफ, वायरलेसच्या भागात बाबेल, आणि मध्ये एक राउटर दोघांना जोडणारा, अशी मिसळ कुणी सुचवेल. होस्ट रूट दोन प्रोटोकॉलांतून आरपार न्यायचे म्हटलं की मेट्रिकची सगळी हुशारी त्या सांध्यावर सांडते. जमल्यास पूर्ण परिसरात एकच ठेवा.

आयएस-आयएस इंटरनेट पुरवठादारांचा लाडका. तो थेट लेअर-२ वर चालतो, आणि प्रीफिक्स बदलला तर पूर्ण एसपीएफ करत नाही, हे मोबिलिटीला सोयीचं. पण एका राउटरचे सगळे प्रीफिक्स त्याच्या एलएसपीच्या (ओएसपीएफच्या एलएसएसारख्या घोषणेच्या) तुकड्यांत एकत्र असतात. एका तुकड्यात दीडशेच्या आसपास /३२ मावतात, त्यातला एक हलला तरी पूर्ण तुकडा पुन्हा फिरतो. मूळ मानकात दोन एलएसपींमधलं किमान अंतर ३० सेकंद आहे. बदलता येतं, पण न बदलता लावला तर रिपपेक्षा वेगळं काही हाती लागणार नाही. तुमच्याकडे तो आधीच चालू असेल तर वापरा, फक्त मोबिलिटीसाठी नव्याने आणू नका.

पायरी सहावी: आतला प्रोटोकॉल पुरेसा नसेल तेव्हा

गड्ड्यासारखी गर्दी असेल, तर हालचालीची बातमी सगळ्यांना सांगण्याऐवजी एकालाच सांगा. प्रॉक्सी मोबाइल आयपीव्ही६ हेच करतो. २००८ च्या आरएफसी ५२१३ मध्ये तो आहे, आणि वर सांगितलेल्या अडचणीवर आयईटीएफने काढलेलं उत्तर तेच. मध्ये एक अँकर, कडेला गेटवे. उपकरण आलं की गेटवे फक्त अँकरला कळवतो आणि दोघांत टनेल उभं राहतं. मधल्या राउटरांना गंधही नसतो, तिथे साधा ओएसपीएफ लिंका सांभाळत शांत बसतो. किंमत अशी की शेजारच्या दोन फोनमधली पॅकेटही अँकरला वळसा घालून येऊ शकतात, आणि अँकर बसला की सगळं बसलं. एलटीईच्या (४जीच्या) गाभ्यातही एका जोडणीसाठी जीटीपी या टनेल प्रोटोकॉलला पर्याय म्हणून हा प्रोटोकॉल ठेवलेला आहे.

मोठ्या कॅम्पससाठी दुसरी वाट ईव्हीपीएन. तो बीजीपी या जाळ्या-जाळ्यांमधल्या रूटिंग प्रोटोकॉलवर चालतो, म्हणून आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेरचा. पण दोन दावेदारांचा प्रश्न त्याने किती नीट सोडवला आहे ते बघा: प्रत्येक हालचालीला क्रमांक, मोठा क्रमांक जिंकतो. १८० सेकंदांत एकच मॅक पाच वेळा हलला, तर काहीतरी गडबड आहे असं धरून राउटर इशारा देतो आणि त्या मॅकच्या घोषणा थांबवतो. आपली मेट्रिकची उतरंड म्हणजे याचीच गरिबाघरची आवृत्ती.

पायरी सातवी: लावण्याआधी तपासा

कारखान्यात हात घालण्यापूर्वी लॅपटॉपवर लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (एकाच यंत्रातली वेगवेगळी नकली जाळी) चार राउटर उभे करा, एफआरआर किंवा बाबेलडी चालवा, आणि एक नकली उपकरण या राउटरकडून त्या राउटरकडे हलवत राहा. संध्याकाळचं काम आहे.

मग प्रत्यक्ष जागेवर. सर्व्हरवरून स्कॅनरला दर २० मिलिसेकंदांनी पिंग लावा आणि स्कॅनर घेऊन चालत शेड बदला. हरवलेले पिंग गुणिले २० म्हणजे खंड किती मिलिसेकंदांचा ते कळतं. त्यातला रेडिओचा वाटा वेगळा काढा: ॲक्सेस पॉइंटच्या लॉगमधली जोडणीची वेळ आणि राउटरवर /३२ दिसल्याची वेळ यांची तुलना करा. त्यासाठी सगळ्यांची घड्याळं एनटीपीने जुळलेली हवीत. जोडणीआधीच सगळा वेळ जात असेल तर रूटिंग निर्दोष आहे. ८०२.१एक्स, म्हणजे जोडताना प्रत्येकाची ओळख तपासणारी पद्धत, लावलं असेल, तर प्रत्येक शेडमध्ये नव्याने ओळखपरेड होते. ८०२.११आर, म्हणजे जलद रोमिंग, चालू करा, तेवढ्यानेच फरक पडेल.

पिंग दोन्ही दिशांनी लावा, आणि निदान दोन वेगवेगळ्या जागांवरून. दोन दावेदारांचा बिघाड एकाच जागेवरून बघितला तर दिसतच नाही.

वीज जाऊन येण्याची चाचणी सोलापुरात न करणं म्हणजे धाडसच. मेन बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. सगळे राउटर एकदम उठतात, सगळी उपकरणं एकदम जोडली जातात, सगळे /३२ एकदम सुटतात. काही वेळा ॲक्सेस पॉइंट राउटरच्या आधी उठतो, जोडणीची घटना ऐकायला स्क्रिप्ट अजून सुरूच झालेली नसते, आणि ते उपकरण पुढची हालचाल होईपर्यंत बेपत्ता राहतं. स्क्रिप्टने सुरू होताच आधीपासून जोडलेल्यांची यादी स्वतः मागून घ्यावी, आणि दर मिनिटाला ती यादी कर्नलमधल्या /३२ शी ताडून बघावी. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालच्या पेटीतला राउटर तापून आपोआप रीस्टार्ट होतो, तेव्हाही हीच तजवीज कामी येते. त्या पेटीच्या पंख्यात बसलेलं सुताचं तूस महिन्यातून एकदा काढा.

शेवटी कुलपं. उपकरणं जोडली जातात त्या बाजूला ओएसपीएफ पॅसिव्ह ठेवा (म्हणजे तिकडे तो हॅलो पाठवणार नाही), राउटरांमध्ये ऑथेंटिकेशन लावा. आणि /३२ फक्त अशाच पत्त्याचा सांगा, जो डीएचसीपीने त्याच मॅकला दिलेला आहे. ही अट नसेल तर कुणीही आपल्या फोनवर ईआरपी सर्व्हरचा पत्ता हाताने टाकला की तुमचा राउटर साऱ्या कारखान्याला सांगेल, सर्व्हर आता पॅकिंगमध्ये आहे. सर्व्हर आणि एकाच जागी बसणारे प्रिंटर या पूलमध्ये ठेवूच नका, त्यांना वेगळं, न हलणारं सबनेट द्या.